प्रकल्प नोंदी: उद्यमनगरच्या प्रेसमधला किरकिरणारा कीबोर्ड

१४ जुलै २०२५, सोमवार. तपासणी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका ऑफसेट प्रेसच्या डीटीपी टेबलावरचा कीबोर्ड. १०४ बटणं, लाल जातीचे लिनियर स्विच, म्हणजे दाबताना मध्ये टप्पा नाही की टकटक नाही. स्टीलची प्लेट, एबीएस प्लास्टिकच्या कॅप, बॅकलाइट नाही. स्विच सोल्डर केलेले आहेत, ओढून बदलता येणारे नाहीत. स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटण दोन्ही टोकांना सारखं खाली नेणारे भाग, प्लेटवर बसणारे. गणपतीच्या पावतीपुस्तकांची कामं सुरू झाली आहेत, त्यामुळे हा महिनाअखेरीच्या आत परत द्यायचा आहे. ऑपरेटर ताईंची तक्रार एका वाक्यात: "स्पेस दाबली की बैलगाडीचं चाक वाजल्यागत वाजतंय, आणि पायमोडीचं बटण करकरतंय."

तपासणी सकाळी सातला केली. आजूबाजूचे लेथ सुरू झाले की बारीक आवाज कळत नाहीत. साधन एकच, माशांच्या टाकीला वापरतात तशी फूटभर लांब पातळ नळी. एक टोक कानाशी, दुसरं बटणाच्या कडेला. प्रत्येक बटण आधी मध्यावर, मग डाव्या कोपऱ्यावर, मग उजव्या कोपऱ्यावर दाबलं. एकदा अगदी सावकाश, एकदा टायपिंगच्या वेगाने. सावकाश दाबणं महत्त्वाचं. वेगाने दाबलं की तळाला आपटण्याचा आवाज बाकी सगळं झाकून टाकतो.

आवाज चार प्रकारचे निघाले आणि चारांची मुळं वेगळी आहेत. पूर्ण खालपर्यंत जाताना येणारी सलग करकर म्हणजे स्विचचा स्टेम, म्हणजे कॅप ज्यावर बसते तो सरकणारा तुकडा, आपल्या खाचेत कोरडा घासतोय. फक्त कोपऱ्यावर दाबल्यावर येणारी "चुईं" बहुधा स्टॅबिलायझरची असते. तळाला टेकताना होणारी खडखड स्टॅबिलायझरच्या तारेची. बटण सोडल्यावर मागून ऐकू येणारा बारीक "टिंग" स्प्रिंगचा. पहिले दोन आवाज म्हणजे खरी किरकिर. तिसरा वेगळा दोष आहे, पण स्टॅबिलायझर उघडलाच तर त्याच हाताने जातो. चौथ्याकडे या कामात लक्ष द्यायचं नाही.

किरकिर होते कशी हे डोक्यात असलं की शोध सोपा होतो. कोरड्या पृष्ठभागावर थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, सरकत्या वस्तूला कमी. म्हणून सावकाश दाबताना स्टेम अडतो, सुटतो, पुन्हा अडतो, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा होतं. त्या थरथरीचा आवाज वरची कॅप मोठा करते. कॅप जितकी लांब तितका आवाज मोठा, म्हणून तक्रार नेहमी स्पेसपासून सुरू होते.

कॅप काढून दुसरी फेरी. ब्रशच्या लाकडी शेपटीने नुसता स्विचचा स्टेम दाबायचा. आवाज तसाच राहिला तर दोष स्विचमध्ये. गेला तर कॅपमध्ये किंवा स्टॅबिलायझरमध्ये, मग स्टॅबिलायझरचे दोन्ही स्टेम एकेक करून दाबायचे. ही दोन मिनिटांची चाचणी गाळून लोक थेट ग्रीस लावायला बसतात आणि निम्मं काम वाया जातं.

निकाल असा. स्टॅबिलायझर वाजतात: स्पेस, डावा शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस. स्विच वाजतात: डी, ई, एस, जे, के आणि स्पेसचा स्वतःचा स्विच.

ही यादी उगाच झालेली नाही. ताई इन्स्क्रिप्टवर टाइप करतात. त्या मांडणीत डी म्हणजे पायमोड, ई म्हणजे काना, एस म्हणजे मात्रा, जे म्हणजे र, के म्हणजे क. मराठीत जोडाक्षर आलं की पायमोड आली. एकट्या "स्वातंत्र्य" शब्दात डी तीनदा दाबावा लागतो. ख, घ, थ, ध, भ यांना शिफ्ट लागतो, ळ, श यांनाही लागतो, आणि ही सगळी अक्षरं उजव्या हाताखाली आहेत. म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीने दाबला जातो. करंगळी शिफ्टच्या मध्यावर पडत नाही, बाहेरच्या बाजूला पडते, आणि तिरका दाब हाच स्टॅबिलायझरचा शत्रू. इंग्रजी टायपिंगचा कीबोर्ड असता तर झिजलेली बटणं निराळी निघाली असती.

१५ जुलै, मंगळवार. उघडणं आणि साफसफाई

आधी फोटो. शंभरावर कॅप परत लावताना नमलॉकच्या भागात हमखास घोळ होतो.

कॅप तारेच्या पुलरने काढल्या. प्लास्टिकच्या कडीचा पुलर कॅपच्या कडा ओरबाडतो. लांब कॅप एका टोकाने उचकटायची नाही. दोन्ही टोकं थोडी थोडी वर घेत सरळ काढायची, नाहीतर स्टॅबिलायझरचा स्टेम वाकतो किंवा कॅपच्या आतली अधिकाच्या आकाराची खोबण चिरते.

स्पेसखाली पांढरट, दाबून बसलेला थर निघाला. ही धूळ नाही. ऑफसेट मशिनवर ओल्या शाईचे कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून डिलिव्हरीच्या, म्हणजे छापलेले कागद बाहेर पडतात त्या टोकाला बारीक पावडर फवारतात, तीच ही. ती बहुतेक स्टार्चची असते, हवेत तरंगते आणि जवळच्या टेबलावर बसते. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेतला ओलावा ती धरते आणि कारखान्यातून आलेल्या मूळ वंगणात कालवली जाते. मग वंगणाचा चिकट लगदा होतो. टेबल डिलिव्हरीपासून चार-पाच पावलांवर आहे. किरकिरीचं मूळ कारण हेच असावं, नुसती झीज नाही.

दुसरी गोष्ट. स्पेसच्या स्विचवर पिवळसर, किंचित खवट वासाचा ओघळ दिसला. खोबरेल. हा उपाय घरोघरी होतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहून ठेवतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत सकाळी ते बटण जडपणे वर येतं आणि दुपारी पुन्हा मोकळं होतं, त्यामुळे दोष "कधी आहे, कधी नाही" असा वाटतो. शिवाय ते खवट होऊन चिकट बनतं आणि पावडर धरून ठेवतं. शिलाई मशिनचं तेल थिजत नाही, पण इतकं पातळ असतं की पसरत पसरत विजेच्या संपर्काच्या पत्तीपर्यंत पोचतं. गंज सोडवायचे फवारे तर मुळीच नकोत. त्यातला द्रावक असलेलं वंगणही धुऊन काढतो, आणि पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भागांना बारीक तडे जाऊ शकतात. सिलिकॉनचा फवारा प्रेसमध्ये वेगळ्या कारणाने टाळावा. त्याचा अंश छपाईच्या कोटिंगवर गेला की कोटिंग तिथे धरत नाही, गोल डाग पडतात.

सफाई मऊ ब्रश आणि हातपंपाच्या ब्लोअरने केली, कीबोर्ड उलटा तिरका धरून, म्हणजे कचरा बाहेर पडेल, आत जाणार नाही. प्रेसच्या कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही. तिच्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो आणि दाब एवढा की पावडर स्विचच्या पोटात शिरते.

कॅप कोमट पाण्यात, हाताला सहज सोसेल एवढ्या, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून अर्धा तास. मऊ टूथब्रशने आतूनही घासल्या. पंख्याखाली तोंड खाली करून पसरल्या.

१६ जुलै, बुधवार

कॅप वाळलेल्या नाहीत. वरून कोरड्या दिसतात, पण खोबणीत पाणी आहे; टिश्यूची सुरळी घालून पाहिलं की कळतं. हेअर ड्रायर लावायचा मोह होतो, पण पातळ एबीएस वाकतं. उद्यापर्यंत थांबायचं.

१७ जुलै, गुरुवार. स्टॅबिलायझर

सामान: क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० ग्रीस, स्प्रिंगसाठी क्रायटॉक्स १०५ तेल, तारेसाठी डायइलेक्ट्रिक ग्रीस (गाड्यांच्या इलेक्ट्रिक स्पेअरच्या दुकानात मिळतं), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ०० नंबरचा ब्रश, गुजरीत सोनार वापरतात तसा बारीक वाकड्या टोकाचा चिमटा, बोथट सुईची १ मिलिलिटरची सिरिंज, आणि सपाट आरशाचा तुकडा. अल्कोहोलच्या बाटलीचं झाकण लगेच लावायचं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुलैत तर फारच.

एका लांब बटणाखाली स्टॅबिलायझरच्या दोन डब्या असतात, प्रत्येकीत एक स्टेम, आणि दोघांना जोडणारी एक तार. तारेचं काम एवढंच की बटण एका टोकाला दाबलं तरी दुसरं टोक बरोबर खाली जावं. आधी तार दोन्ही डब्यांच्या क्लिपमधून चिमट्याने मोकळी केली, मग डबीची जीभ पातळ पेचकसाने दाबून डबी झुकवत बाहेर घेतली. सरळ वर ओढली तर जीभ तुटते, आणि तुटलेली डबी मग नेहमी हलते. प्लेटवर बसणाऱ्या जातीचा हा फायदा की हे वरूनच होतं. सर्किट बोर्डात बसणारी जात असती तर आधी प्लेट सोडवावी लागली असती, म्हणजे सगळे स्विच डीसोल्डर, त्यांचे टाके वितळवून सोडवणं.

स्टेम काढण्यापूर्वी तो कुठल्या बाजूने बसला आहे हे पेनाने टिपून ठेवलं. त्याच्या दोन बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, पण तारेचं भोक एकाच बाजूला कामाचं असतं. उलटा बसवला तर तार जाते, बटण दाबलंही जातं, पण वर येताना अडतं.

सगळे भाग अल्कोहोलने पुसून दहा मिनिटं सुकवले, मग तारा तपासल्या. तार आरशावर ठेवायची आणि एका टोकाला बोटाने हलकं टोचायचं. सरळ असेल तर हलत नाही, पीळ असेल तर डुगडुगते. स्पेस, एंटर आणि बॅकस्पेसच्या तारा ठीक. डाव्या शिफ्टची एक टांग उचललेली होती, झेरॉक्सच्या कागदाची चौघडी सहज जाईल एवढी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत. एवढ्याशानेही दोन्ही स्टेम एकाच वेळी तळाला टेकत नाहीत आणि एक स्टेम डबीच्या भिंतीला घासत राहतो. दोन पकडींनी दोन्ही टोकं धरून उलट्या बाजूला किंचित पीळ दिला, आरशावर ठेवून पाहिलं, पुन्हा दिला. चौथ्या वेळी स्थिर झाली. घाईने एकदम जोर दिला तर ती दुसऱ्या बाजूला जाते आणि मग या फेऱ्या संपत नाहीत.

ग्रीस कुठे आणि किती, यातच सगळं आहे. स्टेमच्या चारही बाजूंना आणि डबीच्या आतल्या भिंतींना २०५ चा पातळ थर. ब्रश बुडवून मग बाटलीच्या काठाला दोन्ही बाजूंनी पुसून घ्यायचा. प्लास्टिकवर लावल्यावर नुसती ओली चमक दिसली पाहिजे. पांढरा ढिगारा दिसला तर जास्त झालं. एका स्टेमला मोहरीच्या दाण्याच्या पाव भागापेक्षा जास्त लागत नाही. तारेच्या दोन टोकांना मात्र हात सैल सोडायचा, कारण तिथे धातू प्लास्टिकच्या भोकात हलतो आणि खडखड तिथूनच येते. टोकाचे तीन-चार मिलिमीटर डायइलेक्ट्रिक ग्रीसने माखले, आणि बसवल्यावर सिरिंजने भोकात आणखी एक थेंब सोडला. तार डबीच्या क्लिपमध्ये जिथे फिरते तिथेही एक थेंब.

बसवल्यावर कॅप न लावता स्टेम तीसेक वेळा खालीवर केले. बाहेर आलेलं ग्रीस काडीच्या टोकाने काढून टाकलं, कारण तसंच राहिलं तर पावडर पहिल्यांदा तिथेच बसणार.

स्टॅबिलायझरच्या स्टेमचे खालचे दोन छोटे पाय कापून टाकायची पद्धत आहे. त्याने तळाला टेकणं जास्त ठाम लागतं. इथे ते केलं नाही. तक्रार किरकिरीची आहे, आणि कापलेलं परत लावता येत नाही.

जाता जाता जे च्या स्विचवर एक प्रयोग. न उघडता, स्टेम दाबून धरून, दिसणाऱ्या दोन रेलवर, म्हणजे स्टेमच्या घासणाऱ्या कडांवर, ब्रशच्या टोकाने किंचित २०५ लावलं आणि पन्नास वेळा दाबलं. आवाज बराच कमी झाला. टिकतो का पाहायचं.

१८ जुलै, शुक्रवार. कॅप लावल्यावर

एंटर आणि बॅकस्पेस पूर्ण शांत. डावा शिफ्ट आणि स्पेस अजून वाजतात.

शिफ्ट: कॅप काढली की गप्प, लावून डाव्या कोपऱ्यावर दाबला की "चुईं". म्हणजे आता दोष कॅपचा. भिंगाखाली कॅपच्या डाव्या भिंतीवर खालच्या बाजूला बोटाच्या नखाएवढा चकचकीत पट्टा दिसला. एबीएस घासलं की असंच गुळगुळीत होतं. समोर केसच्या, म्हणजे कीबोर्डच्या बाहेरच्या खोक्याच्या, कडेवर प्लास्टिकचा पांढरा भुगा. कॅप केसला घासत होती. केस तिथे आत का आली ते पाहिलं तर डाव्या बाजूचा एक क्लिप पूर्ण बसलेला नव्हता आणि जवळचा खालचा स्क्रू सैल होता. क्लिप दाबून बसवला, स्क्रू आवळला, आता कागद दुमडून घातला तरी फट मोकळी राहते. काल सरळ केलेली तार आणि आजची ही फट, दोन्ही दोष खरे होते. एकच सापडला असता तर आवाज अर्धाच गेला असता आणि ग्रीसला नावं ठेवली गेली असती. कॅपची कड पॉलिश पेपरने घासून भागवता आलं असतं, पण दोष कॅपमध्ये नव्हताच.

स्पेस: कॅप आरशावर उपडी ठेवली, मध्यभागी उजेड दिसतो. ती केळ्यासारखी वाकली आहे. या स्पेसची रुंदी ६.२५ बटणांची, एका बटणाचं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११९ मिलिमीटर लांब पातळ प्लास्टिक. ते मध्ये उचललं की दोन्ही टोकांच्या खोबणी आतल्या बाजूला झुकतात आणि स्टॅबिलायझरचे स्टेम तिरके ओढले जातात. मग डबीत कितीही ग्रीस घाला, भिंतीवर घर्षण राहतंच.

उपाय: पाणी सुमारे ८० अंश, म्हणजे भांड्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागतात पण उकळी नाही. कॅप चिमट्याने एक मिनिट बुडवली, काढून लगेच आरशावर सपाट दाबून धरली आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडली नाही. पहिल्यांदा अर्धा बाक गेला, दुसऱ्यांदा जवळजवळ सगळा. उकळतं पाणी वापरायचं नाही. एबीएस शंभराच्या थोडं वर मऊ पडतं, पण पातळ भाग त्याआधीच आकार सोडतात, आणि खोबण एकदा सैल झाली की कॅप कायमची डुगडुगते. छापील अक्षर असलेल्या कॅपवर हे करूच नये. स्पेस कोरी असते म्हणून धाडस केलं.

आता स्पेसची "चुईं" गेली. उरली ती मधल्या स्विचची करकर. शनिवारच्या कामासाठी कीबोर्ड तात्पुरता परत दिला.

२१ जुलै, सोमवार. स्विच

जे पुन्हा करकरतोय. वरून लावलेलं ग्रीस रेलच्या वरच्या भागातच राहतं. स्टेमचा खालचा भाग आणि डबीतल्या खाचा कोरड्याच राहतात, आणि आत असलेली पावडर त्याच ग्रीसला चिकटते. एखाद्या बटणाला, एखाद्या आठवड्यासाठी हा उपाय ठीक. रोज आठ तास चालणाऱ्या कीबोर्डला नाही.

म्हणून सहा स्विच उघडायचे. प्लेटच्या भोकांना बाजूला खाचा नाहीत, त्यामुळे झाकणाचे क्लिप प्लेट अडवते आणि स्विच जागेवर उघडत नाही. डीसोल्डर करावंच लागेल. सगळे १०४ केले तर २०८ टाके. सहाच केले तर १२. बाकीचे शांत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येक टाका काढताना बोर्डावरचा पॅड, म्हणजे पिन जिथे टाकतात तो तांब्याचा भाग, उचटण्याचा धोका असतो, आणि जो स्विच वाजत नाही त्याच्यासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

सोल्डरिंग गन ३५० अंशांवर. जुन्या टाक्यावर आधी थोडं नवं ६३/३७ सोल्डर घालायचं. हे उलटं वाटतं, पण जुनं सोल्डर त्याने नीट वितळतं आणि सोल्डर ओढायचा पंप ते एका झटक्यात ओढतो. दोन-तीन सेकंद उष्णता, लगेच पंप. पिन चिमट्याने हलवून बघायची; मोकळी "टक" हलली तरच स्विच काढायचा. थोडीशीही चिकटलेली वाटली तर पुन्हा सोल्डर घालून पुन्हा ओढायचं. पिन ओढून सोडवली तर पॅड तिच्याबरोबर येतो.

बाराही टाके नीट निघाले.

स्विच उघडल्यावर पाच भाग: वरचं झाकण, स्टेम, स्प्रिंग, खालची डबी आणि तिच्यात बसलेली तांबूस पत्ती. या रचनेच्या स्विचचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर असतो आणि साधारण २ मिलिमीटरवर पत्ती जुळते. स्टेमच्या एका बाजूला दोन बारीक पाय असतात, ते पत्तीला दूर ढकलून धरतात. स्टेम खाली गेला की पाय सरकतात आणि पत्ती जुळते.

सहाही स्विचमध्ये तोच पांढरट लगदा. डबी, स्टेम आणि झाकण अल्कोहोल आणि ब्रशने धुतले, पत्ती न वाकवता. सुकायला अर्धा तास. मळावर नवं ग्रीस लावणं म्हणजे घासायची पेस्ट तयार करणं, म्हणून इथे घाई केली नाही.

ई चा स्टेम भिंगाखाली पाहिला. एका बाजूची रेल आरशासारखी गुळगुळीत झाली आहे आणि डबीत धरून हलवला तर दुसऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त डुलतो. काना सगळ्यात जास्त दाबला जातो हे इथे डोळ्यांना दिसतं. ही झीज ग्रीसने भरून येत नाही. नवा सुटा स्विच हाताशी नाही, म्हणून स्क्रोल लॉकचा काढला, तो जवळजवळ कोरा आहे. ई चा जुना स्विच साफ करून स्क्रोल लॉकच्या जागी जाईल. टाके १२ चे १४ झाले.

२२ जुलै, मंगळवार. ग्रीस आणि जोडणी

क्रम: डबीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा, स्टेमच्या दोन्ही रेल, स्टेमच्या तळाचा गोल खांब अगदी हलका. स्प्रिंगा लहान प्लास्टिकच्या पिशवीत टाकून १०५ तेलाचे दोन थेंब, पिशवी फुगवून मिनिटभर हलवली. स्टेमच्या पायांना ग्रीस नाही. लिनियर स्विचमध्ये पायांवर नावापुरता थर चालतो असं मानणारे आहेत, पण हा थर हात चुकला की पत्तीवर जातो. टॅक्टाइल, म्हणजे दाबताना मध्ये टप्पा लागणाऱ्या, स्विचमध्ये तर तिथे लावलं की टप्पाच बोथट होतो.

जोडताना स्टेमचे पाय पत्तीच्या बाजूला आहेत हे प्रत्येक वेळी बघायचं. झाकणाचे चारही क्लिप वाजले पाहिजेत. तीन वाजले आणि चौथा नाही तर स्विच चालतो, पण दोन आठवड्यांनी पुन्हा डुलतो. मग मल्टीमीटरच्या बीपवर दोन पिनांमध्ये तपासणी: मध्यावर बीप सुरू, सोडताना मध्यावर बंद, वर पूर्ण शांत. सातही ठीक.

प्लेटमध्ये बसवताना स्विच चारही बाजूंनी प्लेटला टेकला की नाही हे आडव्या नजरेने पाहायचं आणि मगच सोल्डर करायचं. तिरका सोल्डर झालेला स्विच तिरकाच घासतो.

२३ जुलै, बुधवार. डी दोनदा उमटतो

आवाज सगळ्या बटणांचा गेला, पण डी मध्येच दोनदा लागतो. इंग्रजीत एखादं जास्तीचं अक्षर दिसलं असतं. मराठीत दोन पायमोडी लागल्या की जोडाक्षर तुटून टिंबांचं वर्तुळ उमटतं. चाचणीला "म्हणून", "क्षेत्र", "ज्ञान", "स्वातंत्र्य" हे शब्द वीस-वीस वेळा टाइप केले. पाच-सहा ठिकाणी वर्तुळ आलं. पावतीपुस्तकात हे छापून गेलं असतं तर काय गोंधळ झाला असता, म्हणून कीबोर्ड देण्यापूर्वी मराठी मजकुरावरच चाचणी घ्यायची.

कारण अंदाजाप्रमाणेच. स्विच पुन्हा काढून उघडला तेव्हा स्टेमच्या एका पायावर ग्रीस होतं आणि ते पत्तीच्या टोकाला लागलं होतं. इथे एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: हे ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. अल्कोहोल ओतून ते जात नाही, नुसतं पसरतं. पुसूनच काढावं लागतं. कोऱ्या, कडक कागदाची तीन मिलिमीटर रुंद पट्टी पत्तीच्या दोन टोकांमध्ये घालून अलगद ओढली, नवी पट्टी, पुन्हा. चौथी पट्टी कोरडी निघाली. स्टेमचे पाय काडीला गुंडाळलेल्या कोरड्या कापडाने पुसले. पॉलिश पेपर लावायचा नाही, पत्तीच्या संपर्काच्या जागी मुलामा असतो.

परत बसवला. तेच शब्द पन्नास वेळा. एकही वर्तुळ नाही.

२४ जुलै, गुरुवार

दिला. ताईंना दोन गोष्टी सांगितल्या: मशीन चालू असताना आणि टायपिंग नसताना कीबोर्डवर सुती कापड टाकायचं, आणि टेबल जमल्यास डिलिव्हरीच्या टोकापासून फीडरच्या, म्हणजे कोरा कागद आत जातो त्या, बाजूला न्यायचं. आणि खोबरेल नको, कितीही वाजला तरी.

९ ऑगस्ट, शनिवार. फेरतपासणी

सोळा दिवसांचं काम झालं. टेबल हललेलं नाही, कापड मात्र वापरलं जातंय. कापड झटकल्यावर पावडर उडते, म्हणजे ते आपलं काम करतंय.

नळी लावून सगळी बटणं पुन्हा ऐकली. स्पेस, डावा शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस शांत. डी, ई, एस, जे, के शांत. स्पेसची कॅप आरशावर किंचित उचललेली दिसते, काढली तेव्हापेक्षा खूप कमी. वाजत नाही तोवर तशीच ठेवायची. स्टॅबिलायझरच्या तारेच्या टोकांना ग्रीस जागेवर आहे.

नवीन: उजवा शिफ्ट आतल्या कोपऱ्यावर बारीक "चुईं" करतो. अ, आ, इ, उ हे सुटे स्वर डाव्या हाताखाली आणि शिफ्टवर आहेत, तेव्हा हा वाजणारच होता. १४ तारखेला तो शांत होता म्हणून उघडला नव्हता. कॅप काढून चाचणी केली, स्विच ठीक, डावा स्टॅबिलायझर स्टेम वाजतो. काम तासाभराचं, डीसोल्डर नाही. पावतीपुस्तकं छापून झाली की एका सकाळी, लेथ सुरू होण्यापूर्वी करायचं. तोवर सुटे लिनियर स्विच चार मागवून ठेवायचे, पुढच्या वेळी स्क्रोल लॉकचा आधार नसेल.